आत्याच्या घरचं पाणी

प्रीतम माझ्या घरी पाणी पिईनासा झाला, तवाच मी ओळखायला पाहिजे व्हतं. पण आपल्या हातानं वाढवलेल्या पोरावर कुनी संशय घेतं का? मी म्हणलं, शहराचं वारं लागलं, दुसरं काय!

प्रीतम माझा भाचा. दत्तोबाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा लेक. त्यो रांगत व्हता तवाच त्याची आई गेली. मी आधीच कपाळ पांढरं करून माहेरी आलेली. माझा माऊली आन् ह्यो एका ताटात जेवले, एका गोधडीत निजले. माऊली चाकणला कंपनीत लागला, मशीनवर. प्रीतम मात्र शिकत गेला, शिकत गेला, आन् तळवड्याला एका संशोधन संस्थेत चिकटला, ऱ्हायला बी तिकडंच. गावात कुनी इचारलं की मी सांगायचे, "आमचा प्रीतम जुलाबाचा डॉक्टर हाय." त्यो चिडायचा. "आत्या, डॉक्टर न्हाई गं, संशोधक." मी म्हणायचे, "एकच की रं! पोटाचंच बघतोस ना?"

गेल्या पावसाळ्यात संस्थेनं आमच्या गावात अभ्यास काढला. तान्ह्या पोरांना जुलाब लागतात, त्यात रोटा नावाचा विषाणू किती जणांत निघतो ते बघायचं. त्यासाठी पोरांचं घाण झालेलं दुपटं पाहिजे. ऐकायला सोपं हाय. पण आमच्याकडं दिवेलागणीनंतर तान्ह्याचं दुपटं दोरीवरसुद्धा राहू देत न्हाईत. परक्याच्या हातात कोण देतंय? कुनी करणी केली म्हंजे? बाया दाराआडूनच न्हाई म्हणायच्या. प्रीतम तोंड पाडून माझ्याकडं आला. "आत्या, तू सांगितलंस तर देतील."

मग मी दारोदार हिंडले. "अगं, परका हाय का त्यो? माझ्या मांडीवर मुतलेलं पोरगं हाय!" बाया हसल्या आन् कबूल झाल्या. पहिल्या खेपेला तर काय सांगू, समद्यांनी दुपटी खळखळून धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून दिली. साहेबाच्या हातात घाण कशी द्यायची, लाज न्हाई का? प्रीतमनं कपाळावर हात मारला. "आत्या, मला घाणच पाहिजे गं!" मी पुन्हा दारोदार. बाया मला लांबून बघितलं की ओरडायच्या, "आली गं आली, दुपटीवाली आली!" मला बी ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

दुपट्यांबरोबर त्यो नळाच्या पाण्याच्या बाटल्या भरून न्यायचा. एकदा मी इचारलं, "पाण्यात रं काय बघतोस?" त्यानं ओसरीवर बसून मला नीट समजावलं. म्हणला, "आत्या, रोगाच्या जंतूंनाही रोग होतो. जंतूंना मारणारे विषाणू असतात. आपल्या पोटातल्या जंतूंना मारणारे जे असतात ते मैल्याबरोबर बाहेर पडतात. ते आपल्याला काय करत न्हाईत. पण पिण्याच्या पाण्यात सापडले, तर समजायचं की पाण्यात मैला मिसळतोय."

"आन् ते दिसतात कसे?"

"बशीत जंतू वाढवायचे, त्यांची साय धरती. विषाणू असले की त्या सायीला भोकं पडतात."

"म्हंजे भोकं बघून उंदीर वळखायचा!"

लई हसला. हसता हसता तांब्या उचलला आन् घटाघटा पाणी प्याला. तवा पीत व्हता. मला पक्कं आठवतंय.

दिवाळी झाली आन् त्याच्या काखेत पाण्याची बाटली आली. मी गूळ-पाणी पुढं केलं की म्हणायचा, "नको गं, आत्ताच प्यालोय." चहा मात्र चालायचा, कपावर कप. मी चिडवायची, "तळवड्याचं पाणी गोड लागायला लागलं व्हय रं?" त्यो खाली बघून हसायचा. एकदा मी इचारलं बी, "आमच्या पाण्याचं काय निघालं?" म्हणला, "अजून चाललंय आत्या. अभ्यास पुरा झाल्याबिगर सांगता येत न्हाई." मी मान हलवली. शिकलेला माणूस, त्याला कळतंय.

थंडी पडली आन् माझी नात आजारी पडली. माऊलीची पोर, अजून वर्षाची बी न्हाई. लाडानं ठकी म्हणतो आमी. आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. सकाळी खेळत व्हती, दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकली. टाळू खोल गेली. रडायची, पण डोळ्यात टिपूस न्हाई. माझी सून तेजल वाटी-चमचा घेऊन बसलेली, मीठ-साखरेचं पाणी पाजत. पाणी कुठलं? नळाचंच. त्याच पाण्यानं आमी पोरीला वाचवत व्हतो!

माऊली शिफ्टला गेलेला, त्याचा फोन आत नेऊ देत न्हाईत. मी प्रीतमला फोन केला. खोटं बोलू नये, त्यो लगोलग गाडी घेऊन आला. संगं नेहा व्हती, संस्थेतली नवी पोरगी, संत तुकाराम नगरची. गोड पोर. आल्या आल्या तिनं ठकीचं दुपटं डबीत घेतलं, तेजलला पिशवी भरायला मदत केली. प्रीतम गाडी वळवत व्हता. पोर मरणाच्या दारात, तरी माझा हात सवयीनं तांब्याकडं गेला. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, एवढंच त्या हाताला ठावं. तांब्या पुढं केला तर नेहा म्हणाली, "नको आत्या. इथलं नळाचं पाणी अजिबात प्यायचं नाही, असं प्रीतम सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलंय. दिवाळीपासून सगळे नमुने खराब येतायत ना." मग माझ्या तोंडाकडं बघून हळूच म्हणाली, "तुम्ही उकळून पिता ना?"

मी तांब्या खाली ठेवला. दिवाळीपासून! बाटली दिवाळीपासून. आन् चहा कपावर कप, कारण चहा उकळलेला असतो. मेल्यानं स्वतःपुरता तेवढा इचार बरोबर केला व्हता.

गाडीत बसलो. मांडीवर पोर व्हती. आरशात त्यो माझ्याकडं बघायचा, मी खिडकीबाहेर.

पिंपरीच्या दवाखान्यात ठकीला सलाइन लावलं. हाताची शीर सापडंना, पायाला लावलं. डॉक्टरीण म्हणाली, रोटाचे डोस झाले व्हते म्हणून पोर तग धरून हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीनं डोळे उघडले, रडली, आन् गालावर पाणी आलं. तेजल त्या पाण्याला हात लावून लावून बघत व्हती. मग मी बाहेर आले. प्रीतम व्हरांड्यात बाकावर बसला व्हता.

"कुठनं येतोय रं मैला?"

त्याला कळलं. म्हणला, "आबांच्या रूमा हायत ना, त्यांची संडासाची टाकी फुटलीय. गावाचा पाइप तिथनंच जातो, जुना, गळका."

आबा म्हंजे दत्तोबा. माझ्या ह्या भावानं रानात रूमा बांधल्या हायत, कंपनीच्या कामगारांना भाड्यानं द्यायला. चाकणभवती आता रानात तेच पिकतं.

"दादाला ठावं हाय?"

"मी त्यांनाच आधी सांगितलं. ते म्हणले, बोभाटा झाला तर रूमा बंद पडतील, लोक दारात येतील. गप ऱ्हा, मी गुपचूप दुरुस्त करतो म्हणले."

"आन् तुमी काय पिता?"

त्यानं मान खाली घातली. "घरी फिल्टर बसवलाय."

दादाची आन् आमची भिंतीला भिंत हाय हो! पलीकडं फिल्टर आन् अलीकडं माझी ठकी. कुंपणानंच शेत खाल्लं. कुनाला सांगायचं?

"अरं, बापाची अब्रू राख, मी न्हाई म्हणत न्हाई. पण मला एकटीला कानात सांगायचं व्हतंस, आत्या, पाणी उकळून पी. एवढं बी झालं न्हाई तुझ्याच्यानं?"

तवा त्यानं वर बघितलं. डोळे भरलेले. "तुला सांगितलं असतं, तर तू घरात गप बसली असतीस का?"

"न्हाई. दारोदार गेले असते."

"म्हणूनच न्हाई सांगितलं."

मला चांगलं वळखत व्हता पोरगा. मी दारोदार जाते म्हणून त्यानं माझ्याकडनं दुपटी गोळा करून घेतली, आन् मी दारोदार जाते म्हणूनच मला तेच पाणी पिऊ दिलं. केसानं गळा कापला माझा.

गावात आले ती तशीच बायांकडं गेले. "चला माझ्यासंगं," एवढंच म्हणलं. दत्तोबाच्या अंगणात समद्या जमल्या, रूमांमधल्या बाया बी आल्या, त्यांची लेकरं तेच पाणी पीत व्हती. मी चावडीजवळच्या नळाचं पाणी तांब्यात भरून आणलं आन् भावापुढं ठेवलं. "दादा, पी."

"येडी झालीस का?"

"गावचं पाणी हाय. पी की."

"बहीण हाईस का वैरीण?" लई ओरडला. हात मात्र तांब्याकडं गेला न्हाई. बायांना अजून काय सांगायचं राहिलं व्हतं? आठवड्याच्या आत टाकी उकरली, पाइप बदलला, दुसरीकडनं पाणी तपासून आणलं. आता चांगलं हाय म्हणतात.

पण माझं काय? परवा वरल्या आळीत बारशाला गेले, तर बाळंतिणीनं मला बघून दोरीवरची दुपटी काढून आत नेली. दिवस चांगला वर व्हता. तिची चूक न्हाई. "परका हाय का त्यो," हे मीच म्हणले व्हते तिच्या जावेला, त्याच दारात.

उन्हाळ्यात प्रीतम आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. घामानं निथळत व्हता, हात मोकळे, काखेत बाटली न्हाई. ओसरीवर आपल्या जुन्या जागेवर बसला. ठकी खांबाला धरून उभी ऱ्हायला शिकलीय, ती त्याच्याकडं टकामका बघत व्हती. आमच्यात वैरी जरी दारात आला तरी आधी पाणी इचारतात. मी इचारलं न्हाई.

शेवटी त्योच म्हणला, "आत्या, पाणी दे."

मला कळलं, त्याला ते माझ्यासमोर प्यायचं व्हतं. रांगत व्हता तवा ह्याच ओसरीवर मी त्याला वाटीनं पाणी पाजलेलं. तांब्या भरलेला व्हता, हाताशीच.

"का रं," म्हणलं, "बाटली न्हाई आणलीस व्हय?"

आन् मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. चहा तर त्यो तवा बी पीत व्हता.