दार उघडलं, कोळसा पडेना

त्या तरुण इंजिनिअरने आखलेल्या, कोळसा वाहणाऱ्या नव्या रेल्वे वॅगनची आज पहिली चाचणी होती. दांडा ओढताच तळाची दोन्ही दारं उघडली, पण कोळशाचा एक खडासुद्धा खाली पडला नाही. सगळे वाकून बघत राहिले. तिच्या हिशोबाने माल आपोआप घसरायलाच हवा होता. तिचं डोकंच चालेना.

"खाली शिरून पहारीने ढोसतो," म्हातारा फिटर म्हणाला.

"काका, थांबा!"

"अहो मॅडम, तुमचं वय नसेल तेवढी वर्षं वॅगनखाली काढलीत मी."

"पण कोळसा अडकलाय कशाने?"

"ते तुम्ही सांगायचं. वॅगन तुमची!"

"मला कळत नाहीये. म्हणून तर जाऊ नका म्हणते."

तिने सरळ त्याची बाहीच धरली. चारचौघांत तिचं हसं झालं, तरी तिने ती सोडली नाही. फिटर कुरकुरत रुळांबाहेर उभा राहिला. तेवढ्यात कुणाचा हात लागला नसताना अख्खा कोळसा धाडकन खाली आला. धूळ हळूहळू बसली.

"आता कसा काय पडला?" फिटरने घसा खाकरत विचारलं.

"तेही कळत नाहीये, काका. तुम्ही अजून जरा इथेच थांबा."