चेंडू खाली येईपर्यंत

ह्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. दुपारी मी वाती वळत होते, तेव्हा ओवी शेजारी येऊन बसली.

"आई, आय कान्ट रिमेम्बर बाबाज् फेस. फोटोतला आठवतो. हलणारा नाही."

सात वर्षांच्या पोरीला काय सांगणार? ह्यांचा फोन ऑफिसचा. हे गेल्यावर तो परत द्यावा लागला आणि नियमाप्रमाणे त्यातलं सगळं पुसलं गेलं. घरातले व्हिडिओ काढायचे हेच. माझ्या फोनमध्ये ओवी आहे, गौरी-गणपती आहेत, नैवेद्याची ताटं आहेत. हे नाहीत.

हे बेसबॉल खेळायचे. जळगावात कॉलेजात लागलेलं वेड दुबईतही सुटलं नव्हतं. दर शनिवारी अल बर्शाच्या आमच्या घरातून बॅट खांद्यावर टाकून निघायचे. मारायचे असं, की चेंडू कुंपणापलीकडच्या पार्किंगमध्ये. आणि झेल? हातात आलेला हमखास सुटायचा. टीममध्ये ह्यांचं नाव पडलं होतं 'लोणी'. शनिवारी माझा मारुतीचा उपास. एकदा मी म्हटलं होतं, "चेंडू वर दिसला की मारुतिरायाचं नाव घेत जा, बसेल हातात." हे हसले होते. "बघतो घेऊन."

मी ह्यांच्या टीममधल्या धनंजय भावोजींना फोन केला. हे खेळतानाचं काही असेल तर ओवीला दाखवा म्हटलं. शनिवारी ते करामाहून लॅपटॉप घेऊन आले. बरोबर टीमचे कॅप्टन, लाहोरचे तहसीनभाई. मी दोघांपुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली.

"भाभी, ऐसा रोज़ा तो मैं भी रख लूँ," तहसीनभाई म्हणाले. मग भिंतीवरच्या फोटोकडे नजर गेली आणि त्यांनी ताटली खाली ठेवली.

"हे बघा वहिनी, सूर्याचे सगळे होमरन," भावोजी म्हणाले.

टण् असा आवाज झाला. मग नुसतं आकाश. निळ्यात एक पांढरा ठिपका आणि "गया! गया!" असा ओरडा. चित्र खाली आलं तोवर हे पाठमोरे, हेल्मेट घालून धावत होते. दुसरा लावला. आकाश. तिसरा. आकाशच.

"भावोजी, ह्यात हे कुठायत हो?"

"कॅमेरा चेंडूमागे जातो ना, वहिनी..." त्यांचा आवाज उतरला.

"वेअर इज बाबा?" ओवीने विचारलं.

तहसीनभाई हळूच म्हणाले, "वो दूसरे वाले लगा दे, यार."

"अरे, ते नकोत."

"लगा दे. भाभी, बुरा मत मानना. प्रैक्टिस में सूर्या की तरफ़ कैच गया, कि मैं सीधा इसके मुँह पर ज़ूम करता था. बहुत हँसते थे हम. सबसे ज़्यादा यही."

लावला. पडदाभर हे. मान वर, डोळे बारीक, कानशिलावर घाम. ओवी सरकत जाऊन लॅपटॉपला चिकटली. ह्यांचे ओठ हलत होते. आवाज फक्त वाऱ्याचा होता, पण ते ओठ मला कळले. मारुतिराया, मारुतिराया. चेंडू आला, ग्लोव्हवर आपटला आणि खाली पडला. सगळे हसले. ह्यांनी जीभ चावली.

पुढचा. पुन्हा ओठ हलले, पुन्हा चेंडू पडला. असे कितीतरी. एकदाही हे नाव घ्यायला विसरले नव्हते.

हे हॉस्पिटलात असताना काचेबाहेर माझेही ओठ असेच हलत होते. खंड पडू दिला नव्हता मी.

"आई, व्हॉट इज ही सेइंग?"

देवापुढचा दिवा शांत तेवत होता.

"'माझा, माझा' म्हणतायत," मी म्हटलं. "झेल घेताना तसं सांगायचं असतं."

"बट ही ड्रॉप्ड इट."

"हो गं."

"प्ले अगेन."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लावला. ह्यांनी मान वर केली. ओवीने त्यांच्या गालावर बोट ठेवलं. मी पदर तोंडाशी धरून चेंडू पडायची वाट बघत बसले.