सम्राज्ञीला चालक नव्हता

मी ‘सम्राज्ञी’ बोलतेय. घाबरू नका, माझ्या तोफा बंद आहेत. खरं सांगायचं तर त्या अजून एकदाही उडालेल्या नाहीत. एका युद्धनौकेला हे चारचौघांत कबूल करायला किती जड जातं, ते माझं मला ठाऊक.

मी अंतराळात फिरणाऱ्या एका सरदार घराण्याची खासगी युद्धनौका आहे. आठशे टन वजन, तीन मजले, सात शयनगृहं, बारा तोफा. राहते मात्र चार ग्राफ पेपरवर, मागून चिकटपट्टीनं जोडलेल्या. जन्म जेवणाच्या टेबलावर झाला, मेणकापडावर. डोळे उघडले तेव्हा एका बाजूला मिठाची बाटली होती आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी उष्टा चमचा ठेवला होता. मला पहिला धक्का बसला तो तिथेच.

माझे जनक नकाशेवाले. एका कार्यालयात सव्वीस वर्षं श्रीमंतांच्या बंगल्यांचे नकाशे काढतात. त्यांची लेक कॉलेजात जाते आणि रविवारी दोन मित्रमैत्रिणींना घेऊन एक खेळ खेळते. खेळ म्हणजे काय, तर एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अडलं की फासे टाकायचे. नव्या गोष्टीसाठी तिला जहाज हवं होतं.

“बाबा, तू जन्मभर पैसेवाल्यांची घरं काढलीस,” ती म्हणाली. “मला एक उडणारं काढून दे. पण लढता आलं पाहिजे हं. आणि आठशे टनांच्या वर जायचं नाही. जे जे घेशील ते त्यातूनच वजा.”

मग काय, पडत्या फळाची आज्ञा! महिनाभर हा माणूस कार्यालयातून आला की हातपाय धुऊन माझ्यापुढे बसायचा. संगीतगृहाला चाळीस टन. पूर्वजांच्या तसबिरींच्या दालनाला तीस. संगमरवरी न्हाणीघरासाठी दोन तोफा कमी केल्या, मग राहवेना म्हणून इंधनाची टाकी कापून त्या परत आणल्या. पण खरा जीव ओतला तो भोजनगृहात. चोवीस जणांचं टेबल, उंच खिडक्या, वर झुंबर. तिथं एक खास सोय होती, आणि मला तिचा भारी अभिमान. बाहेरून आलेला प्रत्येक संदेश, मग तो कुणासाठीही असो, आधी त्या भोजनगृहात यायचा. सेवकानं तो चांदीच्या तबकात ठेवून वाकून पुढं करायचा. सरदारांना सवड झाली की त्यांनी वाचायचा. खानदानी रीत म्हणतात ती हीच, असं मला वाटे.

अशा माझ्यावर एकदा नकाशेवाल्यांच्या बायकोनं गरम पातेलं ठेवलं. तिसऱ्या शयनगृहाला अजून पिवळी कड आहे. शत्रूच्या तोफेनं जे केलं नाही ते पातेल्यानं केलं! मी दोन दिवस सावरले नव्हते.

त्या घरात आणखी एक माणूस होता. नकाशेवाल्यांचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत. आठ महिन्यांपूर्वी ते राहायला आले होते. घरात चांगला सोफा असताना हा माणूस दाराजवळ स्टुलावर बसायचा, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, कुणी बोलावलं की लगेच उठता यावं असा. घरातलं वडीलधारं माणूस दाराशी? मला बघवत नसे. पुढं कळलं की त्यांनी पस्तीस वर्षं एका बड्या घरची गाडी चालवली होती. सवय अंगात मुरलेली.

बापलेकांचं बोलणं म्हणजे, “जेवलात?” “जेवलो.” संपलं. लेक मध्ये काहीतरी गंमत करायची, दोघं तिच्याकडं बघून हसायचे, एकमेकांकडं मात्र नाही. यांच्यात काहीतरी जुनं अडकलंय, हे माझ्यासारख्या कागदालाही कळत होतं. दुपारी घर रिकामं असलं की आबा येऊन मला न्याहाळायचे. हात पाठीमागं बांधून. कधी बोटसुद्धा लावलं नाही.

शेवटी तो रविवार उजाडला. मला टेबलभर पसरलं. लेक गोष्ट सांगणार, नकाशेवाले सरदार होणार, तिचा चष्मेवाला मित्र तोफखान्याचा प्रमुख आणि तिची बडबडी मैत्रीण सरदारांची बहीण. सगळ्यांनी माझी तारीफ केली. बडबडी तर म्हणाली, “काका, मला इथंच राहायचंय!” मी कागदावर मावेना इतकी फुगले.

“चला, निघूया,” लेक म्हणाली. “कोण चालवतंय?”

चष्मेवाल्यानं पहिला मजला पाहिला, दुसरा पाहिला, वाकून तिसरा पाहिला. “काका, चालवायचं कुठून?”

नकाशेवाल्यांनी मला आडवं केलं, उभं केलं. माझ्यात मद्याचं तळघर होतं, चांदीच्या भांड्यांची खोली होती, सरदारांच्या कुत्र्याला स्वतंत्र गादी होती. पण चालकाची जागा नव्हती! एक खुर्चीसुद्धा नाही. बडा घर पोकळ वासा ही म्हण मी ऐकून होते. ती माझ्याचसाठी आहे हे कळलं तेव्हा माझे हातपाय गळाले, असते तर.

“अगं, ते… सवयीनं राहिलं,” नकाशेवाले कानकोंडे झाले. “बंगल्याच्या नकाशात ड्रायव्हरची खोली नसते. ती वेगळ्या कागदावर काढतात. फाटकाजवळ, मागं कुठंतरी.”

पोरं खो खो हसली. लेक हसली नाही. तिनं दाराकडं पाहिलं.

आबा स्टुलावरून उठून टेबलापाशी आले होते. “जागेचं बघता येईल,” ते हळू म्हणाले. “मला दुसरंच विचारायचंय. यात बाहेरचा निरोप सरदाराकडं जातो ना, जेवणाच्या खोलीत?”

“हो. तिथून मग ज्याचा त्याला.”

“आणि चालकाच्या घरी काही झालं तर? त्याला कोण सांगणार?”

“सरदार सांगतील की.”

“नाही सांगत,” आबा म्हणाले.

नकाशेवाल्यांचा चेहरा एकदम बदलला. महिनाभर मी तो इतक्या जवळून पाहिला होता, पण असा कधीच नाही. “आबा, तो विषय नको. आई गेली त्या दिवशी मी स्वतः धावत आलो होतो, मालक मेजवानीला गेले होते त्या बंगल्याच्या फाटकापर्यंत. दहा वर्षांचा होतो मी. रखवालदार म्हणाला, निरोप आत पोचला, तू जा. तुम्ही तीन तासांनी आलात. मी विचारलं, निरोप मिळाला होता का? तुम्ही म्हणालात, मिळाला होता.”

“म्हणालो.”

“मग गाडी सोडून का नाही आलात?”

आबांनी खुर्चीच्या पाठीला धरलं. “निरोप मालकांना मिळाला होता. मला नाही. मी मागच्या बाजूला गाडीच्या काचा पुसत होतो. परत निघताना गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं. म्हणाले, मगाशीच कळलं होतं, पण चालू पंगतीतून उठणं बरं दिसलं नसतं, आणि तू गेला असतास तर आम्हाला नेणार कोण?”

चष्मेवाल्याच्या हातातला फासा हातातच राहिला.

“आधी त्यांना बंगल्याच्या दारात उतरवलं,” आबा म्हणाले. “मग आलो.”

“मला का नाही सांगितलंत? एवढी वर्षं?”

“आपली खोली त्यांच्या आवारात होती. तू त्यांना काही बोलला असतास, तर तुला घेऊन कुठं गेलो असतो? पुढं तुला त्या कार्यालयात चिकटवलं तेही त्यांच्याच शब्दावर. मग सांगायचं राहूनच गेलं. म्हटलं, माझ्यावर रागावलेला बरा.”

आणि तेवढ्यात नकाशेवाले जे बोलले, त्यानं मी मुळापासून हादरले. ते माझ्याकडं, माझ्या भोजनगृहाकडं बघत होते. “ही त्यांचीच खोली आहे,” ते म्हणाले. “लहानपणी आवारातून दिसायची ती. खिडक्या, झुंबर, टेबल. मी तीच काढली. त्यांची तबकाची पद्धतसुद्धा. मला माहीतच नव्हतं की मी काय काढतोय.”

मलाही माहीत नव्हतं हो! मी ज्या घराण्याचा तोरा मिरवत होते ते हे घराणं होतं. ज्या चांदीच्या तबकाचं मला कौतुक, त्याच रीतीपायी एका बाईचा शेवटचा निरोप जेवणं आटपेपर्यंत पडून राहिला होता. आपण कुणाच्या रक्ताच्या आहोत हे असं भरल्या टेबलावर कळावं, यापरता धक्का नाही.

नकाशेवाल्यांनी खोडरबर उचललं आणि सगळं भोजनगृह घासायला घेतलं. कागद चुरगळायला लागला. आबांनी त्यांचा हात धरला. “सगळं नको खोडू. एवढं छान काढलंयस. टेबल थोडं आखूड कर. इथं एक खुर्ची बसते.” आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्यावर बोट ठेवलं, बरोबर मधोमध.

नकाशेवाल्यांनी तिथं खुर्ची काढली. बाहेरून येणारी संदेशाची रेघ तबकापासून तोडून थेट त्या खुर्चीपर्यंत आणली. रेघ थोडी वाकडी आली.

आज मी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घडी घालून असते. मधला कागद घासून इतका पातळ झालाय की उजेडाकडं धरला तर पलीकडची बोटं दिसतात. माझा रुबाब गेला म्हणा हवं तर. तुमच्यापैकी कुणी घर काढत असाल, जहाज काढत असाल, तर झुंबर जरूर लावा. पण हे चालवणारा कुठं बसेल आणि त्याचा निरोप त्याला कोण देईल, एवढं आधी आखून घ्या. वेगळ्या कागदावर नको.

त्या रविवारी खेळ मोडला असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण लेकीनं डोळे पुसले, आबांना खुर्ची ओढून दिली आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजात म्हणाली, “जहाज निघालंय. समोर शत्रूचा ताफा. सरदार आणि पाहुणे जेवायला बसलेत. तेवढ्यात संदेश आलाय. चालकासाठी.”

“माझ्यासाठी?” आबा म्हणाले.

“हो आबा. घरून आलाय. लगेच बोलावलंय.”

आबांनी जुन्या सवयीनं मालकाकडं, म्हणजे आपल्या लेकाकडं परवानगीसाठी पाहिलं.

“मला नका विचारू,” नकाशेवाले कसेबसे म्हणाले. “तुम्ही चला, आबा.”

आबांनी दोन्ही हात उचलले, नसलेलं चाक घट्ट धरलं आणि पूर्ण फिरवलं. आणि आठशे टनांची मी, बारा तोफांसकट, सरदारांना भरल्या ताटावर तसंच ठेवून घराकडं वळले.