वैवाहिक तायक्वांदो

माझे भावोजी तक मान-सू कोरियातल्या मोकपो शहरात तायक्वांदो शिकवतात. 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलेले नाहीत. हिवाळ्याच्या तोंडावर घरी किमचीचं, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं भरायचं काम चाललं होतं. तेव्हा लाथेचा सराव करताना त्यांनी भरलेली बरणी फोडली आणि बरणीच मध्ये आली म्हणून सांगितलं. उन-शिलताई तशीच तिखटाच्या लाल हातांनी बसमध्ये बसून माहेरी आली. ते चुकलो म्हणाले तरच परत जाईन, म्हणाली. मी तिचा भाऊ, आणि शिकवतो भावोजींच्या हाताखाली, म्हणून निरोप मीच दिला. भावोजी म्हणाले, बरणीने म्हणावं.

त्याच सुमारास त्यांनी नवी पाटी लावली. पाटीवर इंग्रजी नसेल तर आमच्याकडच्या आया पोरं पाठवत नाहीत. वाचता येत नसेल तर विश्वास आणखी बसतो. लिहायचं होतं 'मार्शल आर्ट्स'. रंगवताना आय आणि टी या अक्षरांनी आपापसांत जागा बदलल्या आणि झालं 'मॅरिटल आर्ट्स'. म्हणजे युद्धकलेच्या जागी विवाहकला.

इंग्रजीच्या क्लासला जाणाऱ्या कूबाई नवऱ्याला मनगटाला धरून वरच्या मजल्यावर आमच्या वर्गात घेऊन आल्या. इथे संसार शिकवतात ना, म्हणाल्या. पाटी बदलू या, असं मी म्हणणार होतो.

"पाटी बरोबर आहे," भावोजी म्हणाले. "बूट काढून आत या."

बघता बघता वर्ग जोडप्यांनी भरला. नियम तायक्वांदोचेच. आधी समोरासमोर कमरेत वाकायचं, मग भांडायचं. बरेच जण वाकून सरळ होईपर्यंत विषय विसरत. भांडणाचं कारण फळीवर लिहून ती लाथेने फोडायची. 'सासूबाई' लिहिलेली फळी हात लावताच फुटायची, म्हणून त्या फळ्या जाड मागवाव्या लागल्या. श्री. कू पिवळ्या, म्हणजे नवशिक्यांच्या पांढऱ्यानंतरच्या पट्ट्याच्या परीक्षेत नापास झाले. बायको 'काही नाही झालं' म्हणाली आणि त्यांनी ते खरं मानलं.

मग एका शनिवारी ताई आली. अंगात पांढरा पोशाख, कमरेला पांढरा पट्टा. नाव घाला, म्हणाली. जोडीला भावोजींशिवाय कोणी उरलं नव्हतं. खालच्या पट्ट्याने आधी वाकायचं असतं, म्हणून ते समोर ताठ उभे राहून वाट बघू लागले.

"तो काळा पट्टा लाथांचा," ताई म्हणाली. "नवरा म्हणून तुमचा कुठला?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षक मीच होतो.

"पांढरा, भावोजी," मी म्हटलं. "तोही नवाकोरा."

त्यांनी काळा पट्टा सोडला, नीट घडी केली, खुंटीवरचा पांढरा बांधला. मग वाकले. इतके वाकले, की पुढचं फक्त गादीला ऐकू गेलं.

"मोठ्याने," ताई म्हणाली.

"माझं चुकलं."

मग मागच्या रांगेतून श्री. कूंनी हात वर केला आणि हाच डाव सावकाश करून दाखवता का, असं विचारलं. भावोजींनी दाखवला. डाव्या बाजूच्यांना दिसला नाही, म्हणून तिकडे वळून परत दाखवला.

ताई त्याच संध्याकाळी भावोजींच्या घरी परत राहायला गेली. पिवळ्या पट्ट्याची परीक्षा वसंतात आहे. तोवर भावोजी वर्गातल्या गादीवर झोपतात.