हात राखून लिहिलेले किलो

तोलारकाकांच्या थोरल्या लेकीचे लग्न झाले, त्याच वर्षी मला लाकडी पेटीतून काढून या छोट्या विमानतळाच्या दारापाशी बसवले. मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. खाली लोखंडी पाट, वर घड्याळासारखी तबकडी. संशय घेणे हेच माझे काम. कुणी बारा किलो म्हणाला, की मी म्हणायचो, बघू तर खरे.

आमची धावपट्टी आखूड आणि विमान पंधरा जणांचे. म्हणून सामानाबरोबर माणसेही माझ्यावर चढत. बायका तबकडीकडे पाठ करून उभ्या राहत. पुरुष पोट आत घेत, जणू त्याने वजन उतरते. कुणी बॅगेखाली हळूच पाय घालून ती उचलून धरी.

"पाय काढा साहेब," काका पेन्सिल न थांबवता म्हणत, "तो मघाशीच तुमच्याबरोबर तोललाय."

काका माझा आकडा वाचत आणि माणशी पाच किलो वाढवून लिहीत. त्यांच्या गुरूने तसेच शिकवले होते. याला ते हात राखून लिहिणे म्हणत. एक तपासनीस तर त्याबद्दल त्यांची पाठ थोपटून गेला होता. तेव्हा कोणते विमान कुठे आणि किती भाड्यात जाणार, हे सरकार ठरवी. आमच्याकडे रोज एक फेरी केलीच पाहिजे, असा कंपनीला हुकूम होता. विमान सात-आठ जणांना घेऊन उडे. पाच किलोंनी कुणाचे काही अडत नव्हते.

त्याच विमानाने काकांची थोरली बहीण, अक्का, आठवड्यातून दोनदा मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जाई. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती, रक्त यंत्रावर शुद्ध करून घ्यावे लागे. जाताना अंगात पाणी साचून ती जड असे. परतली की मुद्दाम माझ्यावर उभी राही.

"बघ, तीन किलो कमी. तेवढं भाडं परत माग त्यांच्याकडे."

"अक्का, उतर खाली. काटा सरकारी आहे."

"मग मी काय खासगी आहे?"

काकांच्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी सरकारने हात काढून घेतला. कंपन्यांनी हवे तिथे उडावे, हवे ते भाडे लावावे. भाडे खरोखरच निम्मे झाले. एक गवंडी आपल्या म्हातारीला घेऊन आला. माझ्यावर चढताना तिने चपला काढून हातात धरल्या. विमान भरू लागले, सगळे खूश झाले. मला मात्र ते पचेना.

मग नव्या कंपनीचा साहेब आला. सारखा हसणारा. हसऱ्या माणसाचे वजन मी मनात दोनदा करतो.

"सहा महिने बघू," तो म्हणाला. "फेरीला सरासरी बारा माणसं बसली तर विमान राहील. नाहीतर बंद. आता कुणाची सक्ती नाही, काका."

बाराच का? दहा का नाहीत? मी त्या साहेबावर डोळा ठेवला. त्याच्या हमालांवर ठेवला, गाठोडी आणणाऱ्या व्यापाऱ्यांवर ठेवला. जवळजवळ रोज वजनाची मर्यादा भरे आणि कुणीतरी मागे राही. "उद्या या," काका सांगत. नोंद मात्र विमानात बसलेल्यांचीच होई.

सरासरी आली साडेअकरा.

साहेब कागद न्यायला आला, त्या दिवशी वैमानिक बाई गंमत म्हणून माझ्यावर उभ्या राहिल्या. मी चौसष्ट दाखवले. काकांनी सवयीने एकोणसत्तर लिहिले.

"काका, मी एवढी कधी झाले?"

"हात राखून लिहितो, बाई. तुमच्याच जिवासाठी."

"अहो, जिवासाठीची सूट मर्यादा ठरवतानाच सोडलेली असते." त्यांनी कागदावरून बोट फिरवले. "बारा जणांचे साठ किलो. म्हणजे एक अख्खा माणूस, काका. रोजचा."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "पुन्हा मोजा," ते साहेबाला म्हणाले. "चूक माझी आहे. माझी बहीण जाते या विमानानं. अजून सहा महिने द्या."

"मुदत संपली, काका."

तेव्हा तो हसला नाही. म्हणून मला त्याचा जास्तच संशय आला. काकांचे पाच किलो त्याला आधीपासून ठाऊक होते का? अजून कळलेले नाही.

आता मी बंद खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली आहे. पाटाला गंज चढला आहे. मित्रांनो, तुमच्याकडे काटा असेल तर तो पुसत जा, कोरडा ठेवा. पण त्याचा आकडा उतरवून घेणाऱ्या हाताकडेही बघत जा, तो हात कितीही आवडता असला तरी. मी साऱ्या जगावर संशय घेतला, फक्त शेजारच्या पेन्सिलीवर घेतला नाही.

अक्का बसने जाऊ लागली. जायला नऊ तास, यायला नऊ. आठवड्यातून दोनदाचे एकदा झाले. विमान बंद झाल्यानंतरच्या पाचव्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, अक्का वारली.