शेंदराखालचं लोखंड

व्यंकटरावांच्या अंगणातला ट्रॅक्टर तीन चाकांवर आणि विटांच्या एका थप्पीवर उभा होता. ट्रॅक्टर बापाच्या हातचा, कुठल्याशा थंड मुलखात घडलेला. त्यामुळे डोंगरकडा गावच्या उन्हावर तो पहिल्या दिवसापासून नाराज होता. पुढं तो बंद पडला, बापही गेला, सीटवर कोंबड्यांनी संसार मांडला आणि लोखंडानं हळूहळू खालच्या विटांचा रंग धरला.

यंदा पुण्याहून पोरानं कळवलं, मे संपायच्या आत ट्रॅक्टर आपल्या पायानं जागचा हलला तर ठीक, नाही तर हिंगोलीचा भंगारवाला लालसिंग गॅसकटर घेऊन येईल आणि तुकडे करून नेईल. "आपल्या पायानं" हे पोरगं गमतीनं बोललं होतं. व्यंकटरावांनी तो करार धरला.

घरातली चिंच आधी संपली, मग ताक. दोन्ही लोखंडाचा गंज काढण्यात गेलं. जेवायला कोरडी भाकरी आली तेव्हा द्वारकाबाई एवढंच म्हणाल्या, "कालवण ट्रॅक्टरनं खाल्लं."

शेवटी रत्नपाल धावून आला. बाळापूरच्या शाळेत दोघं एका बाकावर होते. पुढं रत्नपाल एसटीच्या वर्कशॉपात फोरमन होऊन रिटायर झाला. त्यानं साखर कारखान्यातली मळी आणली, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा, चिकट पाक.

"पाण्यात कालवायची, पार्ट बुडवायचे अन् इसरून जायाचं," रत्नपाल म्हणाला.

विसरणं व्यंकटरावांना जमेना. ते रोज कोपरापर्यंत हात घालून चाचपून बघत आणि दिवसभर अंगाला मुंग्या घेऊन हिंडत. पण आठवड्यानं पहिला गिअर बाहेर आला, त्यावर बादलीभर पाणी पडलं, आणि तांबडी खपली गाळासारखी वाहून गेली. खाली करडं, कोवळं लोखंड. दात न् दात शाबूत. कडेला परक्या लिपीतलं एक अक्षर ठोकलेलं, जणू कालच. व्यंकटराव त्या अक्षरावर अंगठा ठेवून उभे राहिले.

"वाचून राहिला का काय?" रत्नपालनं विचारलं.

"वाचता कुठं येतंय. पण माझ्याच घरात इतकी वर्षं होतं रे हे."

असा एकेक भाग तोंड धुऊन आला. इंजिनही खोकून, शिव्या दिल्यासारखा धूर सोडून एकदाचं बोललं. राहिला फक्त उजवा हब. हब म्हणजे चाकाच्या मधला लोखंडी घुमट. त्याच्या कडेला भोकं असतात, त्यांत बोल्ट पिळून चाक कसतात. डावा होता. उजवा घरात नव्हता, नांदेडला नव्हता, परभणी-अकोल्याच्या भंगारातही नव्हता. व्यंकटराव डाव्या हबवरून हात फिरवत बसत आणि खिशात त्याचा एक बोल्ट घेऊन हिंडत. मे उतरणीला लागला होता.

त्या दिवशी भर दुपारी द्वारकाबाई शेतातून आल्या त्या अनवाणी. चपला हातात होत्या.

"देवानं कवच टाकलं," त्या म्हणाल्या.

बांधावर त्यांचा म्हसोबा होता. द्वारकाबाई लग्न होऊन आल्या तेव्हाच सासूनं तो त्यांच्या हवाली केला होता. तेव्हापासून दर अमावस्येला तेलात कालवलेला शेंदूर त्यांनी एकदाही चुकवला नाही. बाळंतपणातही दुसरीच्या हातानं लावून घेतला. असे थरावर थर चढले की देव जाड होतो आणि कधीतरी ते कवच आपोआप गळून पडतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बघायला मात्र कुणाला मिळत नाही.

व्यंकटराव त्यांच्यामागं बांधावर गेले. कवच नारळाच्या करवंटीसारखं दुभंगून पडलं होतं, चार बोटं जाड, आतून ओलसर. चांदीचे डोळे मातीत. आणि मधे देव उभा होता, अर्धा जमिनीत, अर्धा वर. करडा. गंजाचा टिपूस नाही.

व्यंकटरावांनी हात जोडले. मग ते हात आपोआप सुटले आणि पुढं गेले. डोळ्यांच्या आधी तळव्यानं ओळखलं.

"हात काहून लावून राहिले?"

"अगं, हा आपला उजवा हब हाय."

"देवाला नावं ठिवू नका."

रत्नपालला फोन गेला. तो आला आणि हात मागं बांधून चार पावलं दूर उभा राहिला. "वहिनी, देवाचा विषय माझ्याकडं न्हाई. बोल्टचा असंल तर सांगा."

व्यंकटरावांनी खिशातला बोल्ट काढला. घुमटाचं नाक होतं, वरच्या दोन भोकांचे डोळे. "उजव्या डोळ्यात घालून बघू का?"

द्वारकाबाईंनी बराच विचार केला. "हळू घाला."

बोल्ट दोन बोटांनी फिरला. पान्हा लागला नाही, किरकिर झाली नाही. आट्यामागून आटा आत गेला आणि मानेपर्यंत जाऊन थांबला. लांब कुठंतरी तित्तर ओरडून गप्प झालं.

"आमी बसच्या पोटाला हेच लावायचो," रत्नपाल हलक्या आवाजात म्हणाला. "शेंदूर अन् तेल. गंज फिरकत न्हाई. म्हणजे नोकरीभर म्या एसटीला शेंदूर फासला. नारळ तेवढा कुणी फोडला न्हाई."

व्यंकटरावांना बाप आठवला. ट्रॅक्टर बंद पडला त्या साली शेजारी दर पेरणीला बांध कोरत होता. मग एकाएकी बांधावर देव प्रकटला आणि शेजाऱ्याचा नांगर हातभर अलीकडूनच वळू लागला. बाप कुणाला काही बोलला नाही. मरतानाही नाही.

देव उकरून काढला तेव्हा जमिनीखालचा अर्धा भाग गंजानं फुगलेला निघाला. मधे एक सरळ रेघ होती, सुतानं आखल्यासारखी. जिथवर द्वारकाबाईंची बोटं पोचली, तिथवर लोखंड नवं. द्वारकाबाई त्या रेघेकडं बघत होत्या. मग त्यांनी आपली बोटं बघितली. व्यंकटराव बायकोकडं बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं त्यांनी बहुधा कधी बघितलं नव्हतं.

"नेऊ का?" त्यांनी विचारलं. पोराला किंवा लालसिंगला त्यांनी इतक्या नरमाईनं कधी काही विचारलं नसतं. बायको नाही म्हणाली असती, तर विटा राहिल्या असत्या आणि कटर आला असता.

द्वारकाबाईंनी पदर सावरला. "राकेल लावायचं न्हाई. मळीत चालंल, गोड असती. चाकात बसल्यावर शेंदूर मीच लावणार. अन् ही जागा मोकळी ठिवायची न्हाई." मग त्यांनीच ओढ्यातला एक गोटा आणून तिथं बसवला आणि त्याला पहिलं बोट लावलं.

मळीतला नैवेद्य घेऊन देव निघाला, चाकात बसला, शेंदरानं माखला, वर चांदीचे डोळे चिकटले. लालसिंग आला तेव्हा गाडीतून कटर उतरवता उतरवता त्याची नजर त्या चाकावर पडली. त्यानं कटर परत वर ठेवला, चपला काढल्या, आणि भाव विचारायचं विसरून नुसता उभा राहिला.

व्यंकटरावांनी हँडल मारलं आणि ते सीटवर चढून बसले. ट्रॅक्टर खोकला, थरथरला, आणि विटांची जुनी खूण मागं टाकून पुढं सरकला. द्वारकाबाई उजव्या चाकाच्या बाजूनं अनवाणी चालत होत्या. पहिल्या फेऱ्यात देव उलटा झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. तो सुलटा झाला, पुन्हा उलटा झाला. मग त्या उघड्या डोळ्यांनी बघू लागल्या.

"चक्कर येत नसंल त्यास्नी?" त्यांनी रत्नपालला विचारलं.

"इतकी वर्षं एका जागी बसूनच व्हते, वहिनी," रत्नपाल म्हणाला. "फिरू द्या जरा."