तळघरातला पंखा

दादा शुक्रवारी आला तो बहिणीला न्यायलाच. तिचा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. बेचाळीस वर्षांच्या बाईनं परक्या गावात चष्म्याच्या दुकानात काचा घासत एकटीनं राहावं, हे त्याला पटत नव्हतं. सोमवारी सकाळी सामानासाठी टेम्पो येणार होता. दादा तिला अजून छोटीच म्हणायचा.

"छोटी, तुझं इथे आहे तरी कोण?" त्यानं चपला काढता काढताच विचारलं.

खरं म्हणजे एकटं राहण्याची तिलाही भीती वाटायची. बाथरूममध्ये घसरून पडले तर कोणाला कळणार? दाराची कडी वाजली की ती आधी खिडकीतून बघायची. पण जायचं म्हटलं की दुसरीच भीती उभी राहायची. दादाच्या घरातली मागची खोली, वहिनीच्या शिवणयंत्राला लागून एक खाट, आणि मरेपर्यंत छोटी.

रविवारी दादा म्हणाला, "चार वर्षं राहिलीस, इथले द्राक्षमळे तरी बघितलेस का?"

नव्हते बघितले. नवऱ्याच्या आजारपणात ती गाडी चालवायला शिकली खरी, पण घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, एवढंच.

"मग चल. लोक लांबून लांबून येतात म्हणे, आणि तू न बघताच निघालीस."

पहिल्या मळ्यात वेलींपेक्षा गाड्याच जास्त होत्या. गणवेशातल्या मुलीनं पाठ केलेलं भराभर म्हणून दाखवलं आणि दोघांच्या हातात वाइनचे इवलेसे ग्लास दिले. दादानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि छोटीच्या कानाशी लागला. "अगं, हे तर खोकल्याचं औषध!" ती खूप दिवसांनी खळखळून हसली. दुसरा मळा बंद होता. कुंपणाबाहेरूनच त्यांनी वेलींच्या सरळ रांगा बघितल्या आणि परत फिरले.

तिसऱ्या मळ्याची पाटी हातानं रंगवलेली होती. पत्र्याच्या शेडसमोर सत्तरीचा एक माणूस प्लास्टिकचे क्रेट धूत होता. मळा त्याचा आणि त्याच्या बायकोचा, दोघांचाच. पाहुणे बघून तो इतका खूश झाला, की हात पुसायचंही विसरला.

"मी मूळचा इथला नाही," वेली दाखवता दाखवता ते काका म्हणाले. "आलो तेव्हा इथलं पाणीसुद्धा मला पचेना. बारा वर्षं रोज सकाळी उठून ठरवायचो, आज जायचं परत."

"मग ते ठरवणं थांबलं कधी?" छोटीनं विचारलं. तिला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "खाली चला, तळघरात. तिथे बसून सांगतो."

तळघराचं दार शेडच्या मागच्या बाजूला होतं. आत पंधरा-सोळा पायऱ्या, खाली टाक्यांमध्ये वाइनसाठी द्राक्षांचा रस आंबत ठेवलेला. दारापाशी भल्यामोठ्या पंख्याचा नुसता घरघराट चालू होता.

"आंबताना रस एक वायू सोडतो," काका ओरडून सांगत होते. "जड असतो. तळाशी साचतो. वास नाही, रंग नाही. म्हणून हा पंखा." मग ते वैतागले. "पण याच्यापायी धड बोलता येत नाही माणसाशी! पाच मिनिटांनी काही बिघडत नाही." त्यांनी दाराशेजारच्या बटणांच्या फळ्यावरचं एक बटण दाबलं. पंखा थांबला. "तुम्ही थांबा, आधी मी जाऊन बाकं पुसून घेतो."

ते उतरले. खाली दिवा लागला. फडका झटकल्याचा आवाज आला. मग काहीतरी धप्पकन पडलं.

"काका?"

उत्तर नाही. छोटीनं वाकून बघितलं. शेवटच्या पायरीपाशी काका कुशीवर पडले होते, एक हात पायरीवर, जणू वर यायचं होतं.

"अरे, चक्कर आली वाटतं," म्हणत दादा तडक खाली निघाला.

"दादा, नको!"

पाच-सहा पायऱ्या तो उतरला असेल. सातव्या पायरीवर त्याचे गुडघे दुमडले. छोटीनं श्वास रोखला, कठडा धरून खाली गेली, मागून त्याची कॉलर पकडली आणि जिवाच्या आकांतानं ओढलं. दादा ऐंशी किलोचा. शर्ट टर्रकन फाटला, तशी तिनं पट्ट्याला हात घातला. तो गुडघ्यांवर, हातांवर, कसाबसा वर सरकला आणि दारातच आडवा झाला. ओठ निळसर पडले होते. पण खोकत होता. खोकत होता म्हणजे जिवंत होता.

तिनं फोन लावला. दोनदा नंबर चुकला.

"पत्ता सांगा," पलीकडून बाई म्हणाली.

पत्ता! पाटीवर काय लिहिलं होतं तेही तिला आठवेना.

"पाण्याची जुनी टाकी आहे ना, तिच्या पुढे वीटभट्टी. भट्टीनंतर उजवीकडे, लाल पत्र्याची शेड. पुलावरून येऊ नका, पूल बंद आहे आमच्याकडे. शाळेच्या मागून या. तळघरात माणूस पडलाय, वायू आहे खाली. लवकर या हो!"

फोन ठेवते तोच काकांची बायको धावत आली. आवाज ऐकून आली असणार, हाताला पीठ तसंच होतं. तिनं खाली बघितलं, आणि ती पायऱ्यांकडे झेपावली.

छोटीनं तिच्या कमरेला मिठी घातली.

"सोड! सोड मला! माझा माणूस आहे तो!"

"काकू, तुम्हीही पडाल!"

काकूंनी तिच्या हाताला नखं मारली, चावल्यासुद्धा. छोटीला वाटलं, सोडावं. आपण कोण हिला अडवणार? आपल्या माणसाजवळ जायला आपल्याला कोणी असं अडवलं असतं तर? आणि खाली काकांची छाती हलतेय की नाही, ते काही केल्या दिसत नव्हतं. काकूंचा आक्रोश सोडला तर भोवती सगळं शांत. त्या शांततेनंच तिला एकदम जाग आली.

"काकू, पंखा! पंख्याचं बटण कोणतं?"

फळ्यावर आठ-नऊ बटणं होती. काकूंनी फळ्याकडे बघितलं. मग त्यांचं अंग सैल पडलं. त्यांनी हात लांब करून कोपऱ्यातलं बटण दाबलं. पंखा घरघरू लागला.

अग्निशमनवाले आले तोवर किती वेळ गेला, ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही. दादा म्हणाला बारा मिनिटं. पाठीवर हवेची नळकांडी आणि तोंडाला मुखवटे लावून दोघं उतरले आणि काकांना पोत्यासारखं उचलून वर घेऊन आले.

काका वाचले. तीन दिवस शुद्धीवर नव्हते. जीभ अजून जड आहे, आणि त्या दुपारचं त्यांना काही आठवत नाही. छोटीनं काय विचारलं होतं, तेही नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, टेम्पोवाल्याला दादानंच फोन करून नको म्हणून सांगितलं.

"'पूल बंद आहे आमच्याकडे.' आमच्याकडे, म्हणालीस तू," तो म्हणाला. आवाज अजून घोगरा होता. "मी पडल्या पडल्या ऐकलं."

"घाबरले होते रे. काय बोलले, मला ठाऊक नाही."

"अजून घाबरतेस?"

"हो."

"मग?"

तिनं दोन कप काढून पुसले. दादानं तिच्या हातावरचे चावल्याचे वळ बघितले आणि चहा टाकायला उठला. बुधवारी तो एकटाच परत गेला.

तीन आठवड्यांनी काकू चष्म्याच्या दुकानात आल्या. त्या दिवसानंतर दोघी एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. दवाखान्यात काकू तिच्याकडे बघायचंच टाळायच्या.

"टाक्यांचं बघायला हवं," त्या काउंटरपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "नाहीतर सगळं वाया जाईल. मला खाली उतरायचंय. वर कोणीतरी हवं."

छोटीला नको म्हणायचं होतं. पण तिनं मालकाला सांगून दुपारची सुट्टी घेतली.

तळघराच्या दारातला पंखा सकाळपासून चालू होता. अग्निशमनवाल्यांनी दिलेलं, वायू वाढला की शिट्टी मारणारं यंत्र काकूंच्या पदराला अडकवलेलं होतं. कमरेला दोर बांधून काकू उतरल्या. दोराचं दुसरं टोक छोटीनं हाताला दोन वेढे देऊन धरलं. पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ती घसा फाडून ओरडत होती.

"काकू?"

"हो!"

ती दहापर्यंत मोजायची. पण आठावरच पुन्हा हाक मारायची.

"काकू?"

"आहे गं, आहे! ओरडू नकोस, आहे मी!"

छोटीनं दोर आणखी घट्ट धरला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.